आठव्या खाचेचा आकडा

तांडा, ता. महागाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. बबितास नेमसिंगकाकाचा जय सेवालाल.

तुझं खोकं मागच्या शनिवारी पोहोचलं. पुण्याहून एसटीच्या पार्सलने तुझ्या प्रयोगाच्या आठ काचा, खाचांची फळी आणि मोजायचा डबा आला, आणि एकाही काचेला तडा नाही. छत्तीस वर्षं आगाराच्या वर्कशॉपात काढलेला माणूस सांगतो आहे, तेव्हा हे नवल समज. दुसऱ्याच दिवशी फळी स्लॅबवर बसवली. तोंड दक्षिणेकडे, उतार तू लिहिला तेवढाच. कोन मोजायला तुझ्या बापूची, हरिसिंगची, शाळेतली कंपासपेटी शोधून काढली. एकेका खाचेत एकेक काच, आणि प्रत्येक खाचेतून एक वायर डब्यात. डब्याचं बटण एकवर फिरवलं की पहिल्या खाचेतल्या विजेचा आकडा दिसतो, दोनवर दुसऱ्या, असं आठपर्यंत. सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार. वही आखून तयार आहे.

काकांना त्रास होईल असं तू हरिसिंगला फोनवर म्हणालीस. अगं, कान गेल्यापासून मला कोणी कामच सांगत नाही. सांगायचं तर तीनदा ओरडावं लागतं, म्हणून लोक स्वतःच करून मोकळे होतात. तुझा डबा ओरडत नाही, नुसता आकडा दाखवतो. आमचं बरं जमेल. फोन माझ्या उपयोगाचा नाही, तेव्हा पत्रच लिहीत जा.

एक तक्रार आहे. शेवटच्या दोन खाचांवर पाण्याच्या टाकीची सावली साडेनऊपर्यंत असते. टाकी हलत नाही आणि फळीला दुसरी जागा नाही. त्याचं मी माझ्या पद्धतीने पाहीन, तू त्यात डोकं घालू नको.

तुझ्या काकीने जिन्यावर येऊन विचारलं, "या काचा एवढं ऊन खातेत, त मंग दूध कवा देतेत?" याचं उत्तर तूच कळव.

नेमसिंग


पुणे
२१ फेब्रुवारी २०२५

काका, काकी, दोघांना नमस्कार.

दूध देतात म्हणावं, पण लवकर आटतात. माझी पाच वर्षं त्यातच गेली.

काकीला समजेल असं सांगते. या काचेवर पेरोव्स्काइट नावाचा एक पातळ थर असतो. शाईसारखा पसरवता येतो, भट्टीत भाजावा लागत नाही, म्हणून स्वस्त पडतो. ऊन पडलं की त्यात वीज सुटते आणि खालच्या थरातून बाहेर येते. पण दोन थर जिथे चिकटतात तिथे बारीक खड्डे राहतात. निम्मी वीज त्या खड्ड्यांत अडकून मरते, आणि उष्णता वाढली की पहिल्यांदा तो सांधाच नासतो. काकी कापडावर आरसा लावते तेव्हा आरशाला भोक पाडत नाही. तिचा टाका एकीकडे कापड धरतो आणि दुसरीकडे आरशाची कड. मी एक रेणू तयार केला आहे, तो असाच टाका आहे. त्याचं एक टोक खालचा थर धरतं, दुसरं वरचा. आठांपैकी चार काचांना टाके आहेत, चारांना नाहीत. कोणत्या चार ते सांगणार नाही, नाहीतर तुम्ही त्यांचे लाड कराल. काचांच्या पाठीमागे नंबर कोरलेले आहेत. एक नंबरची काच पहिल्या खाचेत, दोनची दुसऱ्या, तसंच राहू द्या.

प्रयोगशाळेच्या पेटीत माझे टाके टिकले. पण माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणतात की पेटी ती पेटीच, तुझ्या यवतमाळच्या उन्हात टिकवून दाखव. जूनमध्ये समितीपुढे जायचं आहे. मे संपेपर्यंत टाक्यांच्या चार काचा बाकीच्या चारांपेक्षा चांगल्या निघाल्या नाहीत, तर हे प्रकरण प्रबंधातून काढायचं. ते काढलं की प्रबंधात उरतं काय? मग दुसऱ्याच्या विषयात आणखी दोन वर्षं. मी एकतीसची झाले काका. खरं सांगायचं तर आता नुसती दमले आहे.

बबिता


तांडा
३० मार्च २०२५

चि. बबितास जय सेवालाल.

मार्चचे कागद सोबत आहेत. पारा एक्केचाळीसवर गेला. दुपारी साडेबाराला स्लॅबवर चप्पल चिकटते, तरी एक आकडा चुकवलेला नाही. कावळ्यांनी दोनदा घाण केली, ती ओल्या मलमलीने पुसली. साबण लावला नाही.

तू पदवी घेशील तेव्हासाठी तुझी काकी, बिजली, आरशांची पिशवी शिवते आहे. तुझ्या पत्रातला टाक्याचा मजकूर मी तिला वाचून दाखवला, तेव्हापासून ती भलतीच मोठी शास्त्रज्ञ झाली आहे. बारा आरसे राहिलेत म्हणते. हल्ली उजव्या हाताला मुंग्या येतात, सुई निसटते. मी म्हटलं डोळे तपासून घे, तर मलाच म्हणाली, "आपले कान पाहा पयले." पोरीला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगतो.

दमलीस हे वाचलं. वर्कशॉपात आम्हीही दमायचो. पण गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी असली की दमलो म्हणून घरी जाता येत नसे. आता तुला तेवढंच सांगता येतं.

नेमसिंग


पुणे
११ मे २०२५

काका, नमस्कार.

एप्रिलचे कागद आणि मेचे पहिले दिवस परवा मिळाले. सगळे आकडे घालून आलेख काढला. टाक्यांच्या काचा आणि बिनटाक्यांच्या काचा यांत काहीच फरक नाही. मार्चमध्येच आकडे दर आठवड्याला उड्या मारत होते. वायर सैल असतील, सावली असेल अशी मी मनाची समजूत घालत राहिले. आता समजूत घालायलाही काही उरलं नाही. आठही काचा सारख्याच खालीवर होतात. म्हणजे माझा रेणू तुमच्या उन्हात काही करत नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या की प्रकरण काढून टाकू, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा विषय मला समजावून सांगायला लागल्या. मी मान हलवत होते. नंतर खोलीवर येऊन कपडे धुतले.

तुम्ही एवढ्या उन्हात वर चढलात, त्याची लाज वाटते. आता बंद करा. काचा उतरवून ठेवा.

काकी फोनवर का येत नाही? बापूला विचारलं की कधी शेजारी गेली, कधी झोपली असं सांगतो. रुसली आहे का माझ्यावर?

बबिता


तांडा
१९ मे २०२५

चि. बबितास जय सेवालाल.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काचा उतरवल्या नाहीत. मे संपेपर्यंत असं ठरलं होतं, तेव्हा मे संपेपर्यंत.

तुझ्या कामात खोट असेल असं मला वाटत नाही, आणि माझ्या कामात तर नाहीच. मी एकाही काचेला झुकतं माप दिलं नाही. टाकीच्या सावलीचं तुला लिहिलं होतं ना, त्याचा बंदोबस्त मी पहिल्याच आठवड्यात केला. वर्कशॉपात आम्ही टायर फिरवायचो. पुढचं मागे, डावं उजवीकडे, म्हणजे एकच टायर झिजून मरत नाही, सगळे सारखे झिजतात. तसंच दर रविवारी सकाळी, नऊचे आकडे घेण्याआधी, मी प्रत्येक काच एक खाच पुढे सरकवतो आणि आठवीतली पहिल्या खाचेत आणतो. आठ आठवड्यांत सगळ्या फिरून आपापल्या जागी येतात. सावली सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली. मग निकाल खोटा कसा निघेल?

काकी बरी आहे. उन्हाने थकते एवढंच. रुसली वगैरे नाही.

नेमसिंग


पुणे
२८ मे २०२५

काका,

तुमचं पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच बसले. वहीत तुम्ही डब्यावरचा नंबर लिहीत होता, म्हणजे खाचेचा. मी तो काचेचा समजून घेत होते. दर रविवारी काचा पुढे सरकत होत्या आणि मला पत्ताच नाही. "तसंच राहू द्या" असं मीच लिहिलं होतं, पण का ते लिहिलं नव्हतं. तुम्हाला कारण न सांगता कोणी काही करायला लावू शकलं आहे का?

चिडले. मग तुमचा शिस्तीचा स्वभाव आठवला. काकांनी दर रविवारी म्हटलं म्हणजे दर रविवारीच. प्रत्येक आठवड्याचे आकडे एकेक खाच मागे सरकवत गेले. दोन दिवस लागले. काका, टाके टिकले आहेत. एप्रिलच्या मध्यापर्यंत बिनटाक्यांच्या काचांनी शंभरातले जवळजवळ वीस घालवले, माझ्या चारांनी फक्त तीन. मी मॅडमना अजून सांगितलेलं नाही, कारण पुढे एक अडचण आहे.

१५ एप्रिलला सकाळी नऊच्या ओळीत सात आकडे आहेत. आठव्या खाचेचा रकाना रिकामा आहे. तुमच्या वहीत रिकामा असलेला तो एकच. त्या दुपारपासून ३ मेपर्यंत एकोणीस दिवस आकडे आहेत, पण ते खालीवर होत नाहीत. खरे आकडे ढग आला की पडतात, वाऱ्याने काचा गार झाल्या की चढतात. हे रोज एकेकाने उतरतात, शाळेतल्या उजळणीसारखे. २० आणि २७ एप्रिलला रविवार होते, पण काचा सरकल्याची खूण नाही. २२ तारखेला गारा पडल्या असं बापूने फोनवर सांगितलं होतं. तुमच्या वहीत त्या दिवशी लख्ख ऊन आहे. ४ मेला रविवार पुन्हा येतो आणि आकडे पुन्हा जिवंत होतात.

हेही सांगते. ते दोन रविवार मी माझ्याच हाताने सरकवून पाहिले. आलेख सरळ झाला, सुरेख दिसत होता. कोणाला कळलं नसतं. तासभर त्याच्याकडे बघत बसले आणि पुसून टाकला.

त्या एकोणीस दिवसांत काय झालं, काका?

बबिता


तांडा
५ जून २०२५

चि. बबितास,

तू धरलंस. मला वाटलं होतं, कागदावरचा आकडा कागदावरच राहतो.

बिजलीला १५ एप्रिलला लकवा झाला. उजवी बाजू आणि बोलणं गेलं. यवतमाळच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होतो. आता घरी आहे. धरून बसवलं तर बसते, भाकर दुधात कुस्करून दिली तर खाते. हरिसिंगला मीच शपथ घातली होती. तुझी समिती तोंडावर होती. तू सगळं टाकून आली असतीस आणि पुन्हा गेली नसतीस, मी तुला ओळखतो.

आकडे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिले. वही पिशवीत होती. रिकाम्या ओळी दिसल्या तर तू विचारशील, म्हणून भरल्या. छत्तीस वर्षांत न तपासलेल्या गाडीवर कधी सही केली नाही, आणि म्हातारपणी हे केलं. तुझं नुकसान किती झालं ते स्पष्ट लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नको.

नेमसिंग


पुणे
२२ जून २०२५

काका, नमस्कार.

तांड्यावर आठ दिवस होते, पण तुमच्याशी बोलणं झालंच नाही. मी पाटीवर लिहायची आणि तुम्ही चष्मा शोधायला निघून जायचात. म्हणून आता लिहिते.

तुमच्यावर राग आहे. आकड्यांचा थोडा, काकीचा फार. मी इकडून विचारत होते, ती रुसली का? आणि ती तिकडे बोलू शकत नव्हती. हे मला कधी विसरता येणार नाही, आणि तुम्हीही ते विसरावं असं वाटत नाही.

नुकसान स्पष्ट लिही म्हणालात. मॅडमना सगळं सांगितलं, टायर आणि एकोणीस दिवस दोन्ही. टायरांवर त्या हसल्या. मे संपल्यावर उतरवलेल्या काचा इथे आणून तपासल्या, टाक्यांच्या चार खरंच चांगल्या आहेत. त्यामुळे प्रकरण राहणार. पण ऐन उन्हाळ्यातले एकोणीस दिवस नाहीत आणि समिती असं भोक पडलेलं काम घेणार नाही. नव्या काचा बनवून पुढच्या फेब्रुवारीपासून पुन्हा सगळं. एक वर्ष. दोन नाही, एवढंच. ऐकून रडू आलं नाही, झोप आली.

मॅडमना एक कागद लागतो. त्या दिवसांचे आकडे का नाहीत, याची ज्याने वही ठेवली त्याच्या अक्षरात नोंद. चार ओळी पुरतील. पण काका, माझ्यासाठी तेवढ्यावर थांबू नका. ते दिवस जसे होते तसे लिहा. मी तिथे नव्हते, निदान वाचू द्या. आणि आठव्या खाचेचा रकाना रिकामा का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी फळी तुमच्याच स्लॅबवर लावायची का, ते तुम्ही ठरवा.

बबिता


तांडा
३० जून २०२५

चि. बबितास जय सेवालाल.

मॅडमचा कागद वेगळा जोडला आहे. हा तुझा.

१६ एप्रिल. आकडा नाही. बिजलीने डोळे उघडले, मला ओळखलं की नाही कळलं नाही.

१७ ते १९. आकडा नाही. डॉक्टर बोलतो ते मला ऐकू येत नाही, हरिसिंग कागदावर लिहून दाखवतो. त्याचं अक्षर पूर्वीपासून खराब.

२० एप्रिल, रविवार. काचा फिरवल्या नाहीत. सकाळी नऊला आठवण झाली.

२२. गारांचं हरिसिंगकडून कळलं. काचा फुटल्या असतील असं वाटलं आणि वाईट वाटलं नाही. हे खरं लिहितो.

२४. तिने पाणी गिळलं.

२७, रविवार. तिने डाव्या हाताने माझा कान धरला आणि ओढला. दोन नर्सबाया हसल्या.

२८ ते २ मे. सगळे दिवस सारखे. आकडे बहुधा याच दिवसांत भरले.

३ मे. घरी आणलं. खाटेवरून तिने स्लॅबकडे बोट दाखवलं. मी वर गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, रविवार होता. आठही काचा जागेवर होत्या.

१५ एप्रिल मी शेवटी ठेवली. समिती वगैरे तुला लिहिलं ते खोटं नव्हतं, पण ती पळवाट होती. त्या दिवशी नऊला मी स्लॅबवर होतो. सातव्या खाचेचा आकडा कमी दिसला, टाकीच्या सावलीमुळे असेल म्हणून थांबून पुन्हा पाहिला. दहा मिनिटं गेली असतील. बटण आठवर फिरवलं, पेन टेकवलं, तेवढ्यात शेजारच्या खेमसिंगने खांद्यावर हात ठेवला. खाली बिजली चुलीपाशी पडली होती. ती आता खुणेने सांगते की पडल्या पडल्या तिने हाक मारली. बोटं वर करून दाखवते, तीन. तेव्हा तिचा आवाज अजून होता. खेमसिंगला दोन घरांपलीकडे ऐकू आला. मी तिच्या डोक्यावर दहा फुटांवर होतो.

हे तुला सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, माझ्या काचांपायी झालं. तसं नाही. कान माझे आहेत.

काल तिच्या मांडीवर पिशवी ठेवली. डाव्या हाताने सुई धरायला दुपार गेली. एक आरसा लावला, वाकडा. अकरा राहिले.

फळी इथेच लावायची. तिने मान हलवली, मी विचारून घेतलं. काचा फिरवणार नाही. आकडे घेताना तिला जिन्याखाली खाटेवर बसवीन. तिच्या डाव्या हाताला एक दोरी बांधीन आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला. ओढली की मी उतरेन, मग रकाना रिकामा राहिला तर राहिला.

१५ एप्रिलचे सकाळचे सात आकडे खरे आहेत. ते घे. आठवा नाही.

नेमसिंग